‘कसंतरीच होतं’ या गाठोड्यात काय आहे?

प्रश्न : ताई, मी ५१ वर्षांची. माहेर चोपड्याकडचं, सासर धरणगाव तालुक्यात. वडील गेल्यावर मार्चमध्ये दोघा भावांना हक्कसोडपत्र करून दिलं. जबरदस्ती कुणी केली नाही. रजिस्ट्री ऑफिसात यंत्रावर माझा अंगठाच उमटेना. तेव्हा धाकट्यानं स्वतःच्या रुमालानं तो पुसला आणि यंत्रावर धरून ठेवला. नंतर हॉटेलात शेवभाजी खाऊ घातली, साडी घेतली. तेव्हापासून जीवाला कसंतरीच होतं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी न्यायला मुराळी येणार म्हटलं की जावंसंही वाटतं आणि नकोही वाटतं. आमचे हे म्हणतात, “सही करताना तर हसत होतीस!” मला राग आलाय की वाईट वाटतंय, तेच समजत नाही. मी लोभी आहे का? लोभ असावा. – एक बहीण

उत्तर : ताई, लोभी आहे का असं विचारलंत आणि लगेच खाली ‘लोभ असावा’ असं लिहिलंत. आपल्या भाषेत हाव आणि माया या दोन्हींना हा एकच शब्द चालतो. तुमचा घोळ तिथूनच सुरू होतो, असं मला वाटतं.

‘मना जीवले कसंतरीच व्हई राहिनं’ हे मी माझ्या आजीकडून शेकडो वेळा ऐकलंय. पाहुणे अचानक निघाले तरी तेच, गाय विकली तरी तेच. हे गाठोडं आहे. ते सोडून बघायला हवं.

तुमचा अंगठाच घ्या. भावानं रुमालानं पुसला, त्या क्षणी लहानपणी त्यानं हात धरून शेतात नेलेलं आठवलं असेल, तर ती माया. त्याच हातानं त्यानं अंगठा दाबून धरला, तेव्हा पोटात काही आवळलं असेल, तर तो राग नसेलही. राग परक्याचाही येतो. तुमचा मला रुसवा वाटतो, आणि रुसायला माणूस आपलंच लागतं. शिवाय ‘बाई, तुला काय वाटतं?’ असं कुणी विचारलंच नाही, गृहीत धरलं, त्याचा अपमान वेगळा. वडिलांचं दुःख तर अजून ताजं आहे. आणि कटकट मिटली म्हणून थोडं हायसं वाटलं असेल, तर तेही लिहा. हसत होतात ना? ते हसूही खोटं नव्हतं.

आपल्या जुन्या काव्यशास्त्रात दोन भाव एकाच वेळी भिडले तर भावसंधी आणि एकामागून एक दाटून आले तर भावशबलता म्हणतात. नाट्यशास्त्रात तर येणारे-जाणारे भावच ३३ मोजलेत. त्यात व्रीडा म्हणजे लाज आहे, असूया आहे, हर्षही आहे. आपण मात्र ‘बरं’ आणि ‘वाईट’ या दोनांवर संसार रेटतो.

नाव दिल्यानं काय होतं? अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन यांच्या २००७ च्या प्रयोगात लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. त्या भावनेसाठी शब्द निवडायला सांगितला, तेव्हा मेंदूतल्या अमिग्डाला या भागाची खळबळ कमी झालेली दिसली. माझा अनुभव साधा आहे. आई नऊ महिने अंथरुणाला खिळून होती. ती गेली त्या रात्री मी सलग आठ तास झोपले. त्याला मी थकवा म्हणत राहिले. ‘सुटका’ हा शब्द तोंडातून यायला दोन वर्षं लागली, आणि आल्यावर आईसाठी पहिल्यांदा मोकळं रडले.

कायद्याचं थोडक्यात : हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला लेकाइतकाच जन्मतः हक्क आहे, नोंदवलेलं हक्कसोडपत्र मात्र सहजी फिरत नाही. तुमच्या मनात तसं काही असेल, तर वकिलाला कागद दाखवा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

तूर्त दुधाच्या हिशेबाच्या वहीचं मागचं पान घ्या. ‘वाईट वाटलं’ असं लिहू नका. कशाचं, कुणाचं, केव्हा ते लिहा. यजमानांना दाखवायची गरज नाही.

आखाजीला जावंसं वाटलं तर जा. धाकट्याला एवढंच सांगून बघा, “जमिनीचं नाही रे, मला कुणी विचारलं नाही त्याचं लागलं.” फक्त जेवणाआधी नको. खापरावरचे मांडे उतरत असतात तोवर आपल्याकडे कुणी कुणाचं ऐकत नाही.