खावटी आणि बियाणे एका कणगीत ठेवू नका

प्रश्न : अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातील एक महिला बचत गट विचारतो – आषाढ-श्रावणात घरातली नाचणी संपते, म्हणून आम्ही धान्य बँक काढली, म्हणजे अडल्या घराने गटाच्या कणगीतून धान्य न्यायचे आणि सुगीला परत करायचे. दुसऱ्याच वर्षी कणगी रिकामी झाली आणि पेरायलाही बी उरले नाही. काय करावे?

उत्तर : तायांनो, बँक बंद करू नका. खावटी, म्हणजे खायचे धान्य, आणि बियाणे तुम्ही एकत्र ठेवले होते, असे दिसते. पोरे उपाशी असताना कोणतीही आई बियाण्याला हात घालणारच, त्यात तिचा दोष नाही. नाचणीच्या लावणीला हेक्टरी चार-पाच किलो बी पुरते. साऱ्या गटाचे बियाणे थोड्या गाडग्यांत मावेल. ती तोंडे लिंपून वेगळ्या घरात ठेवा.

बी खळ्यावरच्या राशीतून घेऊ नका. उभ्या पिकात, बांधापासून आत शिरून, भरदार निरोगी कणसे निवडा. नाचणी, वरई, भात यांचा वाण असा घरच्या घरी टिकतो. मक्यात मात्र शेजारच्या शेतातले परागकण येऊन मिसळतात. दाणा दाताखाली कट्‌कन फुटेपर्यंत वाळवा, ओल 12 टक्क्यांवर नको. वाल-हुलग्याला भुंगा लागतो, त्यात चाळलेली कोरडी राख मिसळा. रोहिणी नक्षत्राआधी 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून पाहा. 80 उगवले तर बी चांगले. औषध चोळलेले बी उरले तरी खावटीत कधीही टाकू नका, ते विषारी असते.

परतफेड सवाईने घ्या : चार पायल्या नेल्या तर पाच द्यायच्या. दिढी, म्हणजे दीडपट परतफेड, लावू नका, ती सावकाराची रीत. गरीब घर त्यातच बुडते. वसुली खळ्यावरच करा, एकदा धान्य घरात गेले की मागणेही जड जाते. पीक बुडाले तर वाढीची पायली माफ आणि मुद्दल पुढच्या हंगामात, हा ठराव आजच वहीत लिहा. किल्ल्या दोघींकडे असाव्यात.

गावठी बी देणे-घेणे, विकणेही कायदेशीर आहे का, असेही तुम्ही विचारलेत. हो. 2001 च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने तो हक्क तुम्हाला आहे. फक्त त्या कायद्याखाली नोंदलेल्या संरक्षित वाणाचे बी ब्रँड लावून विकता येत नाही.

तुमच्याच तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांची बियाणे बँक उभी केली, त्यांना 2020 चा पद्मश्री जाहीर झाला. गटाने तिथे एकदा जाऊन बियाणे कसे ठेवतात ते पाहावे. यंदा कणसे पिकू लागली की कापणीआधी कळवा, निवडीसाठी मी शेतावर येईन.