जुन्या जीपला डायनॅमोऐवजी अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा नवीन प्रकारचा जनरेटर) बसवला, पण चार्जिंग होत नाही. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा दिवाही लागत नाही. वायरिंग कुठे चुकलं?

बहुतेक डॅशबोर्डवरच्या चार्जिंगच्या दिव्यात. तुम्ही लिहिलंय की चावी फिरवल्यावर तो दिवा लागतच नाही. रेग्युलेटर (व्होल्टेज ताब्यात ठेवणारा भाग) आतच असलेल्या बऱ्याच अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट याच दिव्यातून, छोट्या 'डी प्लस' किंवा 'एल' टर्मिनलवर मिळतो. बल्ब उडालेला असेल किंवा हौसेने एलईडी लावला असेल, तर अल्टरनेटर नुसता फिरत राहतो. तिथे साधा १२ व्होल्ट, ३ वॅटचा बल्ब लावा: एक टोक इग्निशनला, दुसरं त्या टर्मिनलला.

अल्टरनेटरमधून चार्जिंगचा करंट बाहेर येतो ती जाड 'बी प्लस' वायर थेट बॅटरीच्या प्लसला न्या. गाडीच्या जुन्या हार्नेसमधली (वायरींच्या जुडग्यातली) बारीक वायर वापरू नका, ती तापते. डायनॅमोचा कटआउटचा डबा (डायनॅमो बॅटरीला जोडणारा-तोडणारा जुना रिले) सर्किटमधून पूर्ण बाहेर काढा. आमच्याकडे एकाने 'असू दे' म्हणून तो जोडूनच ठेवला होता, दोन दिवस डोकं खाल्लं त्याने! डॅशचा अँमीटर (करंट दाखवणारा काटा) ३० अँपिअरचा असेल तर नव्या अल्टरनेटरचा सगळा करंट त्यातून नेऊ नका, त्याऐवजी व्होल्टमीटर लावा.

काम सुरू करण्याआधी बॅटरीचं मायनस काढा आणि बॉडीला मायनसच आहे ना, तेही बघा. काही फार जुन्या गाड्यांत प्लस अर्थ असतो, म्हणजे बॉडीला बॅटरीचं प्लस जोडलेलं असतं; तिथे अल्टरनेटरमधले डायोड लगेच जातात.

इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. जुने मिस्त्री तपासायला चालू गाडीच्या बॅटरीचं टर्मिनल उपटतात. डायनॅमोला ते खपायचं, अल्टरनेटरला नाही.