पोटात किती गेलं ते सांग

अगं, तुझा मेसेज तीनदा वाचला. मांजरीचे कान पिवळे दिसतायत, डॉक्टर म्हणाले फॅटी लिव्हर, भरवायला मानेतून नळी टाकावी लागेल, आणि घरातले म्हणतायत कशाला त्या मुक्या जिवाला छळतेस. एवढं सगळं लिहिलंस पण तिने आज किती खाल्लं ते कुठेच नाही. "थोडं चाटलं", "सिरिंजने भरवलं पण बरंचसं बाहेर आलं". बरंचसं म्हणजे किती गं? रागावत नाहीये, म्हणजे रागावलेच आहे जरा, कारण हीच वाक्यं मी बारा वर्षांपूर्वी डॉक्टरांसमोर बोलले होते.

तेव्हा घरात मांजरं दोन, मनी आणि बोका, आणि वाटी एकच. संध्याकाळी वाटी रिकामी की मी खूश. मनी चांगली गलेलठ्ठ होती, जरा उतरलेली वाटली तर मला बरंच वाटलं, लिहितानाही लाज वाटतेय. सहाव्या दिवशी ती खिडकीत बसली होती आणि ऊन कानातून आरपार येत होतं, कान आतून हळद फासल्यासारखा. वाटी रोज बोका साफ करत होता.

भूक लागली की खाईल, हे मांजराच्या बाबतीत डोक्यातून काढून टाक. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही, त्यातून मांजर जाड असेल, तर अंगातली चरबी भराभरा लिव्हरकडे जाते, लिव्हरला ती उपसता येत नाही, ते चरबीनेच भरतं, मग मळमळ, मळमळीमुळे आणखी खात नाही, की आणखी चरबी. यावर औषध म्हणजे अन्न. बाकीचं सगळं, उलटीचं इंजेक्शन, बी-12, व्हिटॅमिन के, हे अन्न आत टिकावं आणि शरीर सावरावं म्हणून. म्हणून विचारते, पोटात किती गेलं?

मनीच्या वेळी मी नळीला नाही म्हटलं. छळ वाटला. त्याऐवजी चार दिवस टॉवेलमध्ये गुंडाळून जबरदस्तीने सिरिंजने भरवलं, आणि तो खरा छळ होता, सिरिंज दिसली की तिला लाळ सुटायची, कपाटामागे जाऊन बसायची, मग साध्या वाटीलाही घाबरायला लागली. पाचव्या दिवशी गेली. नळी घातली असती तर वाचली असती असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण तिच्या पोटात किती जात होतं ते मला शेवटपर्यंत माहीत नव्हतं, एवढं नक्की.

बोक्याचंही तीन वर्षांनी हेच झालं, मूळ दुखणं स्वादुपिंडाचं. (तुझ्या डॉक्टरांनाही विचार, खाणं कशामुळे बंद पडलं? लिव्हर बऱ्याचदा नंतर सापडतं, सुरुवात दुसरीकडेच असते.) या वेळी दुसऱ्याच दिवशी नेलं आणि नळीला लगेच हो म्हटलं. रक्त नीट गोठतंय ना ते आधी तपासतात, मग थोडा वेळ भूल. तासाभरात मानेला पट्टी बांधून साहेब बाहेर.

घरी आणल्यावर घाई करू नकोस. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण 200 कॅलरी लागतात, पण पहिल्या दिवशी त्याच्या पाव ते तिसरा हिस्साच, मग चढवत न्यायचं. उपाशी शरीरात एकदम अन्न ओतलं की रक्तातलं पोटॅशियम, फॉस्फरस कोसळतं, म्हणून सुरुवातीला रक्त पुन्हा पुन्हा तपासतात, तिथे कंटाळा नको. दिवसाचे पाच-सहा भाग कर, अन्न कोमट, दहा-पंधरा मिनिटं हळूहळू. आधी कोमट पाणी, नंतर कोमट पाणी, नाहीतर नळी तुंबते. माझी तुंबली होती, रात्री दोनला, नीट न कुटलेल्या गोळीमुळे. आणि लिव्हर बिघडलंय म्हणून हलकं, पथ्याचं असलं माणसांचं शहाणपण तिच्यावर चालवू नकोस. मांजराला प्रोटीन लागतंच, ते कमी करायचं की नाही हे फक्त डॉक्टर ठरवतील. माणसांची औषधं तर अजिबात नाही, पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा जीव घेऊ शकते.

एक वही कर. वेळ, किती मिली, उलटी झाली का, वजन. माझ्या वहीत पहिले चार आठवडे "स्वतःहून" या रकान्यात शून्य, शून्य, शून्य. एकतिसाव्या दिवशी 4 ग्रॅम. नळी मानेत असतानाच वाटीशी गेला आणि खाल्लं. तरी नळी लगेच काढली नाही, स्वतःच्या तोंडाने खाऊन वजन टिकतंय हे बघून सातव्या आठवड्यात काढली.

तेव्हा बहीण म्हणाली होती, हे तू त्याच्यासाठी नाही, मनीसाठी करतेयस. असेल. मग काय बिघडलं? नळीतून अन्न जाताना तो माझ्या मांडीवर घुरघुरत असायचा, छळ म्हणणाऱ्यांनी ते एकदा येऊन बघायचं होतं. आलं कोण? लांबून सल्ले मात्र भरपूर. हट्टी म्हणतात मला, म्हणोत.

तू स्वार्थी आहेस का असं विचारलंस. त्याचं उत्तर मला आत्ता देता येत नाही, तुलाही नाही. अन्नाची पूर्ण मात्रा पोटात जाऊनही बिलिरुबिन, म्हणजे रक्तातला काविळीचा आकडा, उतरत नसेल, ती उठतही नसेल, तर तो प्रश्न डॉक्टरांसमोर बसून विचार, मी सोबत असेन. पण उपाशी मांजराकडे बघून "तिची जगायची इच्छा संपली" असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. तिला मळमळतंय.

उद्या सकाळी नळीचं ठरव. आणि आज झोपण्याआधी तिचं वजन कर, आधी तू एकटी काट्यावर, मग तिला घेऊन. दोन्ही आकडे पाठव, वजाबाकी मी करते.