चेरोकीचं 'एमव्ही' : वर्ण की अक्षर?

प्रश्न असा आलाय : युनिकोडच्या यादीत (जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक खुणेला संगणकासाठी एक कोड आणि नाव देणारी यादी) 'चेरोकी लेटर एमव्ही' असं नाव दिसलं, चेरोकी म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक भाषा, तर मराठीत 'म्व हा वर्ण' लिहायचं की 'म्व हे अक्षर', आणि मोबाइलवर तिथे नुसता चौकोन का दिसतो?

सगळ्यात आधी ते 'म्व' खोडा. चेरोकी भाषा रोमनमध्ये लिहितात तेव्हा त्यातला व्ही म्हणजे आपला व नव्हेच, तो नाकातून काढलेला अ आहे, त्यांचा सहावा स्वर. त्यामुळे एमव्ही म्हणजे 'मँ'च्या जवळपासचं काहीतरी.

आणि ते अक्षरच आहे, वर्ण (म्हणजे सुटा स्वर किंवा सुटं व्यंजन) नाही. सिक्वोया नावाच्या चेरोकी माणसाने १८२१च्या सुमारास ही लिपी बसवली तेव्हा एका 'स'ची खूण सोडली तर त्याने व्यंजन वेगळं, स्वर वेगळा असं केलंच नाही, अख्ख्या उच्चाराला एकच खूण दिली. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, काही खुणांसाठी त्याने नुसते आकार उचलले, म्हणून इंग्रजी डीसारखी दिसणारी खूण तिथे 'अ' आहे आणि डब्ल्यूसारखी दिसणारी 'ला'.

'न क्षरति ते अक्षर' सगळ्यांना पाठ असतं, ते सोडून देते. मला खरा पुरावा वाटतो तो 'बाराखडी' या शब्दात. यातल्या खडीचा खडूशी काही संबंध नाही, पाटीवर खडूने गिरवायची म्हणून बाराखडी ही कथा मी इतक्या वेळा ऐकलीय की आता वैताग येतो! मूळ आहे द्वादशाक्षरी. अक्षरचं प्राकृतात अक्खर, मग बारा-अक्खरी, त्यातला अ 'बारा'च्या आ मध्ये मुरला, र चा ड झाला, झाली बाराखडी. आता बघा, क का कि की ही बारा अक्षरं मोजली कोणी? ज्याने मोजली त्याच्या दृष्टीने 'की' हे एक अख्खं अक्षर होतं, क आणि ई असे दोन तुकडे नव्हते. अभंगाच्या चरणात सहा अक्षरं मोजतानाही आपण हेच करतो, जोडाक्षर आलं तरी एकच. म्हणजे इंग्रजीत ज्याला सिलॅबल म्हणतात त्याला आपल्याकडे शब्द आधीपासून आहे, आणि लोक 'शब्दावयव' वगैरे घडवत बसतात ते कशासाठी मला कळत नाही.

म्हणूनच 'चेरोकीची बाराखडी' हेही म्हणू नका. बाराखडीत क चा आकार बाराही ठिकाणी ओळखू येतो, चेरोकीत 'गा' आणि 'गी' यांच्या खुणा एकमेकींच्या कोणी लागत नाहीत. अक्षरमाला म्हणा.

युनिकोडवाल्यांशी माझं भांडण इथेच आहे. १९९९च्या ३.० आवृत्तीत चेरोकी आणि इथिओपिक (इथिओपियातल्या भाषांची) दोन्ही लिप्या आल्या. इथिओपिकच्या खुणांच्या नावात 'सिलॅबल', चेरोकीच्या नावात 'लेटर'! इथिओपिकमध्ये तर आपल्यासारखा मूळ आकार ओळखू येतो आणि त्यात थोडा फरक करून स्वर दाखवतात, उलट चेरोकीत असे तुकडे जवळपास पडतच नाहीत, मग सिलॅबल हे नाव कोणाला जास्त शोभलं असतं? एकदा दिलेलं नाव बदलायचं नाही हा त्यांचाच नियम, त्यामुळे चूक कायमची बसली. मराठीत लिहिताना आपण ती कशाला ओढायची. आपल्या 'क्षि'ला क, हलन्त, ष, वेलांटी असे चार कोड लागतात तरी आपण तिला एक अक्षर म्हणतो, चेरोकीच्या अक्षराला एकच कोड पुरतो आणि आपण त्याला वर्ण म्हणायचं?

हां, चौकोन. पहिल्या खेपेला ८५ अक्षरं घेतली होती, वापरातून गेलेलं हे शहाऐंशीवं राहिलं होतं. २०१५ला ८.० आवृत्तीत ते १३एफ५ या कोडवर आलं, त्याच वेळी लहान लिपीची अक्षरंही आली, त्यात याचं लहान रूप १३एफडी. तुमच्या मोबाइलमधला चेरोकी फाँट त्याआधीचा असेल तर बाकीची ८५ नीट दिसतील आणि इथे चौकोन येईल. कोड बरोबरच आहे, नवा फाँट टाका.