बातमी नसली तरी जायचं

पोरी,

तुझा मेसेज रात्री दोनदा वाचला. डीएनए जुळला, हाडं त्याच हरवलेल्या पोराची, आरोपी दुसऱ्याच गुन्ह्यात आधीपासून आत, कागद सगळे जागच्या जागी. आणि त्याच्या आईने, काकूंनी, रिपोर्ट बघून एवढंच विचारलं, "मग आता फोन काढून टाकू का?" तुला काही सुचलं नाही, आणि आता मला विचारतेस की सर, त्यांना क्लोजर मिळालं असेल ना, मी परत जाऊ की नको.

जा. बातमी नसली तरी जायचं.

फोनचं तुला माहीत नसणार. १९९६ ला पुण्याचे नंबर सहा आकडी होते, कोड ०२१२. काकूंनी पोराकडून नंबर पाढ्यासारखा घोकून घेतला होता. पुढे आकडे वाढत गेले, शेवटी पुढे २ लागला आणि आठ झाले, तेव्हा ही बाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जाऊन भांडली, म्हणे माझ्या पोराला जुनाच नंबर येतो. त्यांनी चहा पाजून परत पाठवलं. नंतर घरात चार मोबाईल आले तरी लँडलाईनचं बिल भरणं चालूच. तू उत्तर कुठून देणार? देऊ पण नकोस, जाऊन बस फक्त.

आता माझं ऐक. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी काका-काकू पोलीस ठाण्यात आले तेव्हा ड्युटीवर मी होतो. मिसिंगची नोंद घेतली आणि म्हणालो, असेल मित्राकडे, येईल संध्याकाळपर्यंत. कलम ३६३, म्हणजे अपहरणाचा गुन्हा, दाखल व्हायला तीन दिवस गेले. तुम्हाला आज हे विचित्र वाटेल, कारण २०१३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मूल हरवलं की थेट गुन्हा नोंदवा, अपहरण झालंय असंच धरा, आणि चार महिन्यांत नाही सापडलं तर केस मानवी तस्करी विरोधी पथकाकडे जाते. आमच्या वेळी हे नव्हतं. नव्हतं म्हणजे नव्हतं, मी सबब सांगत नाहीये. म्हणजे, थोडी सांगतोय.

पण मला ते तीन दिवस इतके टोचत नाहीत. २००१ ला कोर्टात 'अ समरी' पाठवली, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी मिळत नाही, आणि त्यानंतर मी त्या घरी जायचं सोडलं. पालखीचा बंदोबस्त, गणपतीचा बंदोबस्त, मग बदली, आणि खरं सांगू, सांगायला काही नसताना कुठल्या तोंडाने जाणार असं वाटायचं. चूक. बातमी नसली तरी जायचं! काका गेले ते मला पेपरातल्या जाहिरातीत कळलं.

अमेरिकेतली जेकब वेटरलिंगची केस तुला ट्रेनिंगला सांगितली होती, आठवते? १९८९ ला अकरा वर्षांचा पोरगा उचलला, २०१६ ला सापडला तो जमिनीखाली. ज्याने केलं त्याची पोलिसांनी सुरुवातीलाच चौकशी केली होती. म्हणजे सत्तावीस वर्षं उत्तर फाईलमध्ये झोपलेलं. ही केस तू जुनी फाईल परत उघडलीस म्हणून लागली, त्याबद्दल तुझी पाठ थोपटायची तर नंतर कधी. आत्ता चिडलोय, कारण तू पण 'आता आपलं काम संपलं' म्हणायला लागलीस.

शनिवारी जा, युनिफॉर्म नको, आणि पेढे-बिढे काही नेऊ नकोस. काकू बोलल्या नाहीत तरी तासभर बस. पुढच्या महिन्यात परत. फोनचं त्यांचं त्या बघतील.

मी येऊ का सोबत असं विचारशील, म्हणून आधीच सांगतो. तो नंबर मला अजून पाठ आहे. काल रात्री पुढचे आकडे जोडून लावला. दुसऱ्या रिंगला उचलला. "कोण?" म्हणाल्या, आणि मी ठेवला.