वाचकांचे प्रश्न : खाद्यातील औषधाची जैवसमतुल्यता आणि कप्प्यातली जनावरे

प्रश्न : मी पशुवैद्यकीय औषधशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी आहे. डुकरांच्या खाद्यात मिसळायच्या एका प्रतिजैविकाचे नवे प्रीमिक्स (खाद्यात घालायचे औषधाचे तयार मिश्रण) मूळ प्रीमिक्सशी समतुल्य आहे का, हे मला तपासायचे आहे. शेडमध्ये दोन मोठे कप्पे असून प्रत्येकात २० डुकरे आहेत. एका कप्प्याला मूळ आणि दुसऱ्याला नवे औषध मिसळलेले खाद्य देऊन सर्व ४० जनावरांचे रक्तनमुने घ्यावेत, असा बेत आहे. एवढी संख्या पुरेशी ठरेल का?

उत्तर : आपल्या आराखड्यात जनावरे ४० असली, तरी तुलनेसाठी धरता येईल अशी संख्या दोनच आहे, कारण औषध जनावराला नव्हे तर कप्प्याला दिले जाणार आहे. दोन कप्प्यांच्या सरासरीत जो फरक दिसेल तो प्रीमिक्सचा, की एका कप्प्यात उष्मा अधिक असल्याचा, की पाण्याच्या निपलचा दाब कमी असल्याचा, की एखाद्या दांडग्या डुकराने खाद्यपात्र अडवून धरल्याचा, हे ओळखण्याची सोयच त्यात राहत नाही. एकाच घटकातील अनेक मोजमापांना स्वतंत्र पुनरावृत्ती समजण्याच्या या दोषाला पर्यावरणशास्त्रज्ञ स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये छद्म-पुनरावृत्ती म्हटले. त्यांचे विवेचन परिसंस्थांच्या प्रयोगांविषयी होते, पण पशुपालनाच्या प्रयोगांना ते जसेच्या तसे लागू पडते.

जैवसमतुल्यतेच्या, म्हणजे दोन औषधे शरीरात सारखीच पोहोचतात हे दाखवण्याच्या, चाचणीत हा दोष नेहमीपेक्षा अधिक घातक ठरतो. एरवी चुकीच्या मोजणीमुळे नसलेला फरक दिसू लागतो. येथे मात्र ती नसलेली समानता सिद्ध करून देऊ शकते. रक्तातील औषधाच्या प्रमाणाचा काळानुसार आलेख काढून त्याखालील क्षेत्रफळ, म्हणजे एयूसी, आणि सर्वोच्च प्रमाण, म्हणजे सीमॅक्स, यांच्या दोन्ही औषधांतील भूमितीय सरासरींचे गुणोत्तर काढले जाते आणि त्याचा ९० टक्के विश्वास-अंतराल (खरे गुणोत्तर ज्या पल्ल्यात असावे असा अंदाज असतो तो पल्ला) सामान्यतः ८० ते १२५ टक्के या मर्यादेत बसावा लागतो. एकाच कप्प्यातल्या २० डुकरांना २० स्वतंत्र साक्षीदार मानले, की हा अंतराल कृत्रिमरीत्या अरुंद होतो आणि प्रत्यक्षात काहीच ठाऊक नसताना औषध उत्तीर्ण झाल्याचे दिसते.

हा परिणाम किती मोठा असतो ते पाहा. एका कप्प्यात १० जनावरे आहेत आणि एकत्र राहिल्यामुळे त्यांच्या मोजमापांतील आंतरवर्ग-सहसंबंध (एका कप्प्यातली मोजमापे एकमेकांसारखी असण्याचे प्रमाण) ०.२ आहे, असे धरू. विचरण (आकड्यांचा विखुरलेपणा) १ + (१० − १) × ०.२, म्हणजे २.८ पट फुगते, आणि ६ कप्प्यांतील ६० जनावरांच्या पुराव्याचे मोल सुमारे २१ जनावरांइतकेच उरते. म्हणून कप्प्यातील जनावरे वाढवण्यापेक्षा कप्पे वाढवण्यात नेहमीच अधिक लाभ असतो.

मात्र माझा मूळ आक्षेप संख्येवर नाही. आपण एकाच प्रयोगात दोन निराळे प्रश्न विचारत आहात : नव्या प्रीमिक्समधून औषध आतड्यात तितकेच मोकळे होऊन शोषले जाते का, हा पहिला, आणि ते मिसळलेले खाद्य जनावरे तितक्याच आवडीने खातात का, हा दुसरा. पहिला प्रश्न प्रत्येक जनावराच्या पोटातला असून दुसरा कप्प्यातला आहे. दोन्हींचे उत्तर रक्ताच्या एकाच आकड्यात शोधले, तर एयूसी कमी आल्यावर दोष कशाला द्यायचा हे कळत नाही. एयूसी सारखे आले तरी नवे प्रीमिक्स चवीला बरे पण शोषणात उणे असू शकते, आणि दोन्ही चुका एकमेकींना झाकून टाकतात.

त्यामुळे पहिल्या प्रश्नासाठी डुकरांना स्वतंत्र कप्प्यांत ठेवावे, वजनानुसार तोलून घेतलेले औषधी खाद्य ठरावीक थोड्या वेळात संपवू द्यावे, उरलेले खाद्य मोजावे आणि आलटपालट आराखडा वापरावा, म्हणजे प्रत्येक जनावर दोन्ही औषधे घेईल आणि स्वतःशीच तोलले जाईल. मध्ये किमान ५ अर्धायुष्यांचा खंड ठेवावा (अर्धायुष्य म्हणजे रक्तातील औषध निम्मे होण्यास लागणारा काळ). तेवढ्या काळात रक्तात मुळाच्या सुमारे ३ टक्केच औषध उरते. वाढीच्या वयातील डुकराचे वजन दोन टप्प्यांत बदलते, म्हणून मात्रा दुसऱ्यांदा नव्या वजनावर ठरवावी. डुक्कर हा कळपात राहणारा प्राणी असल्याने एकाकी पडताच त्याचे खाणे मंदावते. शेजारची जनावरे दिसतील अशी कप्प्यांची रचना करून त्यांना काही दिवस रुळू द्यावे. दोन्ही औषधे एकाच खेपेच्या मूळ खाद्यात मिसळावीत, हेही आवश्यक आहे. औषध टेट्रासायक्लिन गटातील असेल तर ते खाद्यातल्या कॅल्शियमशी बांधले जाऊन कमी शोषले जाते, आणि खाद्याची खेप बदलली तर तो फरक प्रीमिक्सच्या नावावर जमा होईल. औषध टायाम्युलिन हे प्रतिजैविक असेल तर मूळ खाद्यात मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन ही परजीवीविरोधी औषधे नसल्याची खातरजमा प्रयोगाआधीच करावी, कारण त्यांचा संयोग जनावरांना विषारी ठरतो.

दुसऱ्या प्रश्नासाठी नंतर अनेक लहान कप्पे घ्यावेत, औषध कप्प्यांना यादृच्छिक पद्धतीने वाटावे आणि विश्लेषणात कप्पा हाच प्रायोगिक घटक धरावा. शेडमध्ये दोनच मोठे कप्पे असतील तर त्यांत आडोसे घालून, प्रत्येक भागाला वेगळे खाद्यपात्र आणि वेगळे पाणी द्यावे. शेजाऱ्याचे खाद्य किंवा विष्ठा पलीकडे जाऊ देऊ नये, कारण डुकरे विष्ठा खातात आणि तिच्यातून औषध पुन्हा पोटात जाऊ शकते.

प्रश्न : याच वाचकाचा पुढचा प्रश्न असा की गटात मुक्तपणे खाणाऱ्या जनावरांचे सीमॅक्स मोजून ते मूळ औषधाशी ताडून पाहता येईल का?

उत्तर : मोजता येईल, पण त्यावर निकाल देऊ नये. मुक्त खाण्यात ‘औषध दिले ती वेळ’ असा शून्यक्षण नसतो. डुकरे दिवसातून साधारण दोनदा, सकाळी आणि दुपार कलताना, अधिक खातात. कोंबड्या अंधारात जवळपास खातच नाहीत. रक्तातील शिखर कुठे येईल हे प्रीमिक्सइतकेच खाण्याच्या वेळापत्रकावर अवलंबून राहते, शिवाय नमुन्यासाठी जनावर वारंवार पकडले तर ते वेळापत्रकही विस्कटते. त्यामुळे चार-पाच अर्धायुष्ये उलटून स्थिर अवस्था (रोजचे प्रमाण सारखे राहू लागणे) आल्यावर पूर्ण २४ तासांचे एयूसी घ्यावे, सर्व कप्प्यांत नमुन्यांची वेळ आणि प्रकाशाचे तास सारखे ठेवावेत, आणि शक्य असेल तेथे आधीच कॅथेटर (रक्त काढण्याची नळी) बसवलेली थोडी जनावरे निवडावीत. सीमॅक्स हे वर्णनासाठी नोंदवावे आणि शोषणाच्या वेगाविषयीचा निर्णय स्वतंत्र कप्प्यांतील चाचणीवर सोपवावा.

प्रश्न : मी खाद्य कारखान्यात गुणवत्ता तपासतो. खाद्याच्या प्रत्येक नमुन्यात औषध सारखेच मिसळलेले असेल, तर सर्व जनावरांना मात्राही सारखीच मिळणार. मग रक्ताची एवढी उठाठेव कशासाठी?

उत्तर : मिश्रण एकजीव असणे हे आवश्यकच आहे आणि त्याची जबाबदारी आपल्यावर आहे, परंतु त्याने जनावराची मात्रा ठरत नाही. खाद्याच्या एका किलोत ४०० मिलिग्रॅम औषध आहे असे समजा. २५ किलो वजनाचे डुकर दिवसाला १.२५ किलो खाद्य खात असेल तर त्याला प्रतिकिलो वजनामागे २० मिलिग्रॅम औषध मिळते. त्याच कप्प्यातले, त्याच वजनाचे, पण बाकीच्यांनी मागे ढकललेले डुकर पाऊण किलोच खात असेल तर त्याला १२ मिलिग्रॅमच मिळते, आणि तेही मिश्रण अगदी निर्दोष असताना. आजारी जनावर आधी खाणे सोडते, म्हणजे ज्याला औषध सर्वाधिक हवे त्यालाच ते सर्वांत कमी पोहोचते. ही अडचण मूळ आणि नव्या दोन्ही औषधांना सारखीच भोवते. म्हणूनच कप्प्याचे सरासरी खाद्यग्रहण वापरून प्रत्येक जनावराचे एयूसी ‘दुरुस्त’ करणे मला मान्य नाही. त्यासाठी कानातील टॅग ओळखून प्रत्येक खेपेचे खाद्य नोंदवणारे फीडर लागतात. एका वेळी एकाच जनावराला जागा देणारी अशी यंत्रे खाण्याची पद्धत बदलतात, हे मात्र निकाल वाचताना विसरू नये.

आपल्या कामाचा या चाचणीशी थेट संबंध येतो तो कणांचा आकार आणि उष्णता यांमुळे. भुकटीतले जड कण वाहतुकीत तळाशी बसतात, आणि पेलेट (खाद्याच्या दाबून केलेल्या गोळ्या) तयार करताना वाफेने खाद्य सहसा ७० ते ९० अंश सेल्सियसपर्यंत तापते. मूळ औषध पेलेटमध्ये आणि नवे भुकटीत दिले, तर ती प्रीमिक्सची तुलना राहत नाही. चाचणीतील खाद्याचे नमुने कारखान्यातच नव्हे, तर खाद्यपात्रातूनही घेऊन तपासावेत.

प्रश्न : ब्रॉयलर पिल्लांत एकाच पक्ष्याचे वारंवार रक्त घेता येत नाही. अशा वेळी एयूसी काढायचे कसे?

उत्तर : पक्ष्याचे रक्त त्याच्या वजनाच्या सुमारे ६ ते ८ टक्के असते आणि एका वेळी त्या रक्ताच्या दहाव्या हिश्शापेक्षा अधिक घेऊ नये असा संकेत आहे. १५० ग्रॅमच्या पिल्लात ही मर्यादा साधारण १ मिलिलिटर येते. म्हणून प्रत्येक वेळेसाठी वेगवेगळे पक्षी घ्यावे लागतात आणि एयूसी त्या त्या वेळेच्या सरासरींतून काढले जाते. त्याचे विचरण काढण्याची रीत संख्याशास्त्रज्ञ बेलर यांनी १९८८ मध्ये मांडली, आणि ती आजही वापरली जाते. गुणोत्तराच्या अंतरालासाठी बूटस्ट्रॅप (हाती असलेल्या नमुन्यांतूनच पुन्हा पुन्हा नमुने काढण्याची पद्धत) सोयीचा पडतो, पण पुनर्नमुने काढताना आधी कप्पे निवडावेत आणि मग त्यांतील पक्षी. थेट पक्षी निवडले तर पहिल्या उत्तरातील चूक मागच्या दाराने परत येते. प्रत्येक वेळेचे पक्षी सर्व कप्प्यांतून घ्यावेत, एकाच कप्प्यातून नव्हे.

प्रश्न : कॉक्सिडिओसिस या आतड्यातील परजीवी रोगावरील औषध आतड्यातच काम करते. त्याची समतुल्यताही रक्तावरूनच ठरते का?

उत्तर : नाही. मोनेन्सिनसारख्या औषधाचे कार्यस्थान आतडे आहे, त्यामुळे रक्तातील प्रमाण परिणामाचा पुरावा होत नाही. ते फार तर सुरक्षितता आणि मांसातील अवशेष यांविषयी काही सांगते. तेथे संसर्ग करून घेतलेल्या चाचणीत आतड्यातील व्रणांचे गुणांकन, वजनवाढ आणि विष्ठेतील ऊसिस्टची (परजीवीच्या अंड्यांसारख्या कोशांची) संख्या हे निकष वापरावे लागतात आणि अशा चाचण्यांना कप्पेही अधिक लागतात. याच्या उलट, सहज विरघळणाऱ्या काही औषधांना जनावरांवरील चाचणीतून सूट मिळू शकते. अमेरिकेच्या एफडीएचे (अन्न व औषध प्रशासनाचे) १७१ क्रमांकाचे मार्गदर्शक पाण्यात विरघळणारी भुकटी आणि खाद्य-प्रीमिक्स यांच्याच सवलतीविषयी आहे. ही सवलत विद्राव्यतेच्या आधारावर मिळते. त्यामुळे आपले औषध त्या कक्षेत बसते का हे जनावरांची खरेदी करण्यापूर्वी तपासून घ्यावे.