“गोळी तर लागली नाही, मग कुठल्या तोंडाने मागू?”

मी नाशिकजवळ समुपदेशक आहे. देवळाली, भगूर, सिन्नर, निफाड या पट्ट्यात फौजी घरं भरपूर, त्यामुळे माझ्याकडे माजी सैनिक आणि त्यांच्या बायका बऱ्याच येतात. आणि प्रश्न ठरलेला. हातपाय शाबूत आहेत, गोळी लागली नाही, मग डिसेबिलिटी पेन्शन (सेवेमुळे आलेल्या अपंगत्वाची किंवा आजाराची पेन्शन) कुठल्या तोंडाने मागायची, लोक म्हणतील डोक्याचं नाटक करून पैसे लाटतोय. इतक्यांदा ऐकलंय की आता लिहितेच. नावगाव अर्थात बदललंय.

दत्तू तोफखान्यातला. डिप्रेशनमुळे काही वर्षांपूर्वी बोर्डआऊट झाला, म्हणजे आजारपणामुळे फौजेतून बाहेर काढला गेला, मेडिकल बोर्डाने लिहिलं की आजाराचा सेवेशी संबंध नाही, झालं, क्लेम रिजेक्ट. माझ्याकडे आला तोही बायकोने ओढून आणला म्हणून. ती म्हणाली, "मॅडम, रात्रभर द्राक्षाच्या बागेत चकरा मारतात हे, आता तर कुत्री पण भुंकत नाहीत यांच्यावर."

दत्तू म्हणाला, "त्यांनी लिहिलंय ना, फौजेचा संबंध नाही. म्हणजे मीच कच्चा निघालो."

अशा वेळी 'नाही हो, तुम्ही शूर आहात' म्हणून काही होत नाही. माणसात काय कमी आहे हे ठरवायच्या आधी त्याच्यासोबत काय काय घडलं आणि कुठल्या क्रमाने घडलं ते बघावं, मी पहिल्यापासून याच मताची. म्हणून एक कोरा कागद दिला. कुठलं साल, कुठलं पोस्टिंग, झोप कशी होती. बस, एवढंच लिहायचं.

"भरतीच्या वेळी मेडिकल कसं झालं होतं?"

"एकदम फिट. सोळाशे मीटरला दुसरा आलो होतो."

"मग झोप कधीपासून गेली?"

"तशी पहिल्यापासूनच कमी."

बायको एकदम बोलली, "काहीही! लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत दुपारी दोनपर्यंत झोपायचात, सासूबाई ओरडायच्या. बर्फातल्या पोस्टिंगवरून आलात ना, त्या सुट्टीपासून नाही झोपलात."

दत्तू गप्प. मीही गप्प बसले, अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडायचं नसतं. बऱ्याच वेळाने कागदाकडे बघतच तो बोलायला लागला, हिमस्खलनात त्याचा जोडीदार गाडला गेला होता आणि यानेच फावड्याने उकरून त्याला बाहेर काढलं, आधी हातमोजा दिसला, मग बाकीचं. बायकोला हे इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं. मग त्याने मला विचारलं, "हे पण लिहायचं का?" म्हटलं, लिहा. त्याने स्वतः त्या सालापुढे लिहिलं आणि खालच्या सगळ्या ओळी पुन्हा वाचल्या. "म्हणजे आधी ठीक होतो मी," असं म्हणाला. मी समजावून सांगितलं असतं तर हे त्याला कधीच पटलं नसतं, त्याच्याच अक्षरातल्या तारखांनी पटलं.

कागदपत्रं वकिलाची आणि मन आमचं, अशी वाटणी मला मान्य नाही. तोच कागद पुढे अपिलाला जोडला आणि त्याच आठवड्यापासून दत्तू औषधं नियमित घ्यायला लागला.

आता कामाचं. 2013 साली सुप्रीम कोर्टाने धरमवीर सिंग यांच्या केसमध्ये, ज्यांना फिट्स यायच्या, स्पष्ट सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असंच धरायचं, आणि सेवेशी संबंध आहे हे सिद्ध करायची जबाबदारी सैनिकाची नाही. हा निकाल जुन्या नियमांवरचा आहे, सप्टेंबर 2023 नंतर बाहेर पडलेल्यांना नवे नियम लागतात. बोर्डाच्या कार्यवाहीची कॉपी रेकॉर्ड ऑफिसकडून मागून घ्या, तोफखान्याचं तर नाशिकरोड कॅम्पलाच आहे. नकार आला की पहिलं अपील सहा महिन्यांच्या आत टाका, मग दुसरं, आणि तिथेही नाही झालं तर मुंबईला सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचं खंडपीठ आहे. अर्ज कसा लिहायचा ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा, लाजू नका.

आणि एक कळकळीने सांगते, आजार जास्त दिसावा म्हणून गोळ्या बंद करणारे मी बघितलेत. प्लीज असं करू नका. उपचाराचे सलग कागद हाच तर आजाराचा पुरावा असतो, गोळ्या सोडल्या की तब्येतही जाते आणि पुरावाही. रात्री फारच त्रास झाला तर 14416 वर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा, चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.